गणपतीचा कारखाना, अडीच फुटांचा बोळ आणि छोटा एफपीव्ही ड्रोन

खारेपाटी

गेल्या महिन्यात पेणजवळच्या एका गणपतीच्या कारखान्यात एक शॉट केला. दोन मिनिटं दहा सेकंद, मध्ये कट नाही. दारातून आत शिरायचं, माती मळणाऱ्यांच्या बाजूने साच्यांकडे जायचं, तिथून मूर्तींच्या दोन रांगांमधल्या बोळातून रंगकामाकडे, आणि शेवटी डोळ्यांची आखणी करणाऱ्या ताईंच्या कुंचल्यापाशी थांबायचं. दहा वर्षं मी कॅमेरा खांद्यावर घेऊन काम करतोय. इतकी तयारी लग्नाच्या सीझनमध्येसुद्धा कधी केली नव्हती.

ड्रोनवर मराठीत जे वाचायला मिळतं ते किल्ले, धबधबे, समुद्रकिनारे अशा उंचावरच्या चित्रीकरणाबद्दल असतं. छपराखाली, माणसांच्या मधून उडवण्याबद्दल सलग काही सापडलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो. जाणकारांनी भर घालावी, चुकलं असेल तिथे सुधारावं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एफपीव्हीमध्ये पायलट डोळ्यांवर गॉगल चढवतो आणि ड्रोनचा कॅमेरा जे बघतो तेच बघत उडवतो. आपल्या नेहमीच्या ड्रोनसारखा हा हात सोडला की जागेवर थांबत नाही. ॲक्रो मोडमध्ये जितका कलवला तितकाच कललेला राहतो, सरळ आपणच करायचा. पुढे भिंत आहे हे सांगणारे सेन्सर नाहीत. आतल्या कामासाठी प्रॉपभोवती (म्हणजे फिरणाऱ्या पात्यांभोवती) गोल कडी, म्हणजे डक्ट, असलेला प्रकार वापरतात. त्याला सिनेव्हूप म्हणतात. माझा अडीच इंची प्रॉपचा आहे, डक्टसकट रुंदी जेमतेम वीस सेंटीमीटर, बॅटरी लावून वजन २४३ ग्रॅम.

हे वजन मुद्दाम सांभाळलंय. २५ ऑगस्ट २०२१ ला आलेल्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो' गटात येतो आणि त्याला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागत नाही. त्यावर दोन किलोपर्यंत 'मायक्रो', आणि मायक्रो पैसे घेऊन उडवायचा तर सर्टिफिकेट हवंच. फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोन बाहेरून आणायला बंदी आहे, सुटे भाग आणता येतात. त्यामुळे फ्रेम, मोटर, फ्लाइट कंट्रोलर, डीजेआयचा ओ३ एअर युनिट (कॅमेरा आणि गॉगलला चित्र पाठवणारा भाग) असं एकेक जमवून घरीच जोडला. ओ३ मध्येच फोरके रेकॉर्डिंग होतं, वर वेगळा ॲक्शन कॅमेरा बसवावा लागत नाही. वजन तिथेच वाचतं.

आता मुख्य गोष्ट. बोळ अडीच फुटांचा होता. म्हणजे ड्रोन मधोमध गेला तर दोन्ही बाजूंना वीतभराहून जास्त जागा. मला सगळी धास्ती होती ती धडकण्याची. चार दिवस घराच्या गच्चीवर कपडे वाळत घालायच्या दोऱ्या अडीच फुटांवर बांधून, त्यांवर चादरी टाकून सराव केला. अठ्ठावीस बॅटऱ्या उडवल्या. एकदाही चादरीला लागला नाही.

कारखान्यात पहिल्याच फेरीत ड्रोन कशालाही शिवला नाही, आणि तरी नुकसान झालं.

तिथे जमिनीवर, फळ्यांवर, मूर्तींच्या मागे पीओपीची धूळ असते. घासकाम झालं की ती पिठासारखी साचते. ड्रोन बोळात शिरला तसा त्याचा वारा खाली आदळला, दोन्ही बाजूंच्या मूर्तींना थडकून वर उठला आणि सगळी धूळ घेऊन आला. पलीकडे तासाभरापूर्वी पांढरा बेस मारलेल्या तीन मूर्ती ओल्याच होत्या. गॉगलमधून मला काहीच दिसलं नाही, मी शॉट पुरा करून उतरलो. गॉगल काढला तर कारागीर त्या मूर्तींभोवती उभे. मी जवळ जाऊन बघितलं. एका मूर्तीच्या सोंडेवर, जिथे वळण येतं तिथे, रवाळ थर बसला होता. बोट लावलं की खरखरीत. तिन्ही पुन्हा घासून पुन्हा रंगवाव्या लागल्या. रंगाचे आणि दीड दिवसाच्या मजुरीचे पैसे मी दिले, ते द्यायचेच होते. पण ज्या माणसाने हाताने ती सोंड गुळगुळीत केली होती त्याच्याकडे बघायला मला अवघड झालं.

त्या रात्री झोप लागली नाही. सगळं गणित मी फटीचं केलं होतं, वाऱ्याचं केलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शॉटसाठी ड्रोन उडवलाच नाही. मालक काकांच्या परवानगीने उदबत्त्या लावल्या आणि बोळात चार ठिकाणी ठेवून धूर कसा जातो ते बघितलं. मग रिकाम्या शेडच्या एका कोपऱ्यात ड्रोन नुसता तरंगत ठेवला आणि तोच धूर परत बघितला. छातीच्या उंचीवर ड्रोन असताना वारा जमिनीवर आपटून गुडघ्याएवढा उसळत होता. डोक्याच्या वर दीड फूट नेला की खालची धूळ हलायची नाही, पण मग वरचा पत्रा जवळ यायचा आणि ड्रोन आपोआप वर ओढला जायचा.

तोडगा काढला तो काकांच्या घरातल्या आजींनी. म्हणाल्या, "अंगणात धूळ उडू नये म्हणून आपण काय करतो? सडा घालतो ना!" पहाटे साडेपाचला सगळ्यांनी मिळून जमीन झाडली, फळ्या ओल्या फडक्याने पुसल्या आणि बोळात पाण्याचा हलका सडा घातला. ओल्या रंगाच्या मूर्ती आदल्या संध्याकाळीच दुसऱ्या शेडमध्ये नेल्या होत्या. नंतरच्या अकरा फेऱ्यांत धुळीचा कण उडाला नाही. शिवाय ओल्या जमिनीवर दारातला उजेड पडून जी चकाकी आली ती कुठल्याही लाइटने मिळाली नसती.

अजून दोन अडचणी आहेत. पत्र्याच्या शेडमध्ये गॉगलमधलं चित्र मधेच फुटतं, आणि छताजवळ ड्रोन वर ओढला जातो. कुणी यातून गेलंय का?

---

सोल्डरगन

फार चांगला धागा. उदबत्तीची युक्ती मी उचलली.

छताचं आधी. प्रॉप वरून हवा ओढतो. वर मोकळं आकाश असेल तर हवा चहूबाजूंनी येते. छत जवळ असेल तर तिला यायला वाट कमी, मधल्या पट्ट्यात दाब उतरतो आणि ड्रोन छताला चिकटू बघतो. याला सीलिंग इफेक्ट म्हणतात. घाबरून थ्रॉटल (मोटरचा जोर) एकदम सोडला की ड्रोन सुटून धपकन खाली येतो, आणि स्वतःच्याच ढवळलेल्या हवेत उतरताना थरथरतो. ती थरथर फुटेजमध्ये दिसते. म्हणून छतापासून निदान प्रॉपच्या व्यासाच्या तीन-चार पट अंतर मी नेहमीच ठेवतो. उतरायचं असेल तेव्हा सरळ खाली न येता पुढे सरकत उतरायचं, म्हणजे नवी हवा मिळते.

पत्र्याचं: ५.८ गिगाहर्ट्झचा सिग्नल पत्र्यावरून उसळून चार वाटांनी गॉगलपर्यंत येतो आणि एकमेकांना मारतो. गोलाकार ध्रुवीकरणाचे अँटेना दोन्हीकडे एकाच दिशेचे लावा. एकदा परावर्तन झालं की लहरीची दिशा उलटी होते, अँटेना तिला बरीचशी नाकारतो आणि सरळ आलेली घेतो. दुसरं म्हणजे तुम्ही कुठे उभे होतात? बरेच जण दारात उभे राहतात. मार्गाच्या मध्यावर उभं राहायचं, मधे भिंत किंवा लोखंडी मांडणी येणार नाही अशी जागा बघून.

फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटल्यावर ड्रोनने काय करायचं ती सेटिंग, तपासून घ्या. मोकळ्या रानात जीपीएसवर परत येणं ठीक, छपराखाली त्याचा काही उपयोग नाही. सिग्नल तुटला की मोटर तत्काळ बंद आणि ड्रोन खाली, हीच सेटिंग हवी. ती घरी प्रॉप काढून, रिमोट बंद करून बघा.

आणि मोटर! पीओपीची धूळ बेअरिंगमध्ये गेली की महिन्याभरात कुरकुर सुरू होते. कारखान्यातल्या कॉम्प्रेसरने फुंकायचा मोह होईल, पण मोटर बोटाने धरून मग फुंका. हवेने मोटर वेड्यासारखी फिरते आणि बेअरिंग तिथेच जातं.

---

खारेपाटी

@सोल्डरगन, दारातच उभा होतो! तुमचं वाचून काल परत जाऊन बघितलं. साच्यांच्या मांडणीशेजारी स्टूलवर बसलो तर चित्र एकदाही फुटलं नाही. मनापासून आभार. फेलसेफ 'ड्रॉप'वरच आहे. कारागिरांना पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, ड्रोन पडला तर पडू द्या, झेलायला जाऊ नका, मी 'बंद' म्हणेपर्यंत हात लावू नका.

---

तिसरा_अंक

मी नाटकाच्या प्रकाशयोजनेतला माणूस. ड्रोनमधलं कळत नाही, पण एक विचारतो. कारखान्यात ट्यूबलाइट, एलईडी पट्ट्या, सगळं मिश्र असणार. फ्लिकर नाही आला? आणि बाहेरच्या उन्हातून आतल्या अंधारात शिरताना एक्स्पोजरचं काय केलंत?

---

खारेपाटी

अगदी नेमकं विचारलंत. पहिल्या दिवशी तीस फ्रेमवर, शटर १/६० ठेवून केलं आणि आडवे काळपट पट्टे वर सरकताना दिसले. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, म्हणून शटर १/५० किंवा १/१०० हवं. शटर फ्रेमच्या दुप्पट या नेहमीच्या नियमाने पंचवीस फ्रेमला १/५० यायला हवं. पण मी १/१०० घेतलं. फुटेज नंतर जायरोफ्लो या सॉफ्टवेअरमध्ये स्थिर करायचं होतं. तिथे कॅमेऱ्याच्या जायरोची (हालचाल मोजणाऱ्या सेन्सरची) नोंद वापरून हादरा काढतात, पण फ्रेममध्ये आधीच पुसटपणा आला असेल तर तो राहतोच. चित्र स्थिर, आणि कडा मात्र मधेच धूसर, असं विचित्र दिसतं. १/१०० ने ते कमी झालं आणि फ्लिकरही गेला. त्यासाठी ओ३ मधलं स्वतःचं स्टॅबिलायझेशन बंद ठेवावं लागतं, नाहीतर जायरोची नोंद वापरता येत नाही.

एक्स्पोजरसाठी शटर आणि व्हाइट बॅलन्स बांधून टाकले, आयएसओ ऑटो ठेवून त्याला वरची मर्यादा घातली. तरी दारातून शिरताना एक झटका दिसायचा. शेवटी दारावर निळी ताडपत्री अर्धी खाली सोडली. पावसासाठी ती असतेच तिथे. बाहेरचा उजेड अर्धा झाला आणि झटका गेला. फक्त तिची खालची कड विटा ठेवून दाबली, नाहीतर ड्रोनच्या वाऱ्याने ती प्रॉपकडे ओढली जाते. हे मी एकदा बघितलंय, पुन्हा बघायचं नाही.

---

बार्देश

आमच्याकडे गोव्यात जुन्या घरांना शिंपल्यांच्या खिडक्या असतात. काचेऐवजी पातळ शिंपले लाकडी चौकटीत बसवलेले, त्यातून दुधाळ उजेड येतो. आमच्या आजोळच्या घराचा असाच आतून शॉट घ्यायचा होता. पायलट मुलगा हुशार, पण खिडकीजवळून पहिल्यांदा गेला तेव्हा चौकटीतले शिंपले खडखडले. दोन आधीच सैल होते, एक निसटला. आई काही बोलली नाही, फक्त तो उचलून पदरात ठेवला.

नंतर आम्ही एक केलं, ते इथे कुणाला उपयोगी पडेल. ड्रोन बाजूला ठेवून त्याचाच कॅमेरा एका काठीच्या टोकाला बांधला आणि तोच मार्ग पाच-सहा वेळा चालून शूट केला. कुठे वळायचं, कुठे थांबायचं, कुठे भिंत उगाचच जवळ वाटते हे सगळं चालतानाच कळलं. गंमत म्हणजे अर्धा मार्ग बदलला. पायलटला वरून खाली झेपावायचं होतं. पण त्या घरात माणूस जसा वावरतो, ओसरीवरून वाकून आत, मग उजवीकडे देवघराकडे, तसाच कॅमेरा गेला तेव्हा घर घरासारखं दिसलं.

---

खारेपाटी

@बार्देश, "माणूस जसा वावरतो तसा कॅमेरा गेला" हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. माझाही पहिला मार्ग मूर्तींच्या डोक्यावरून जाणारा होता. काकांनी एकदा चालून दाखवला तो वेगळाच निघाला. माती घेऊन जाणारा पोरगा ज्या वाटेने जातो, ती वाट. शेवटी तीच उडवली.

त्यासाठी ड्रोनही हळू करावा लागला. शर्यतीत कॅमेरा वर चाळीस-पन्नास अंशांत असतो, कारण ड्रोन तितका पुढे झुकून पळतो. आत चालण्याच्या वेगाने जायचं तर इतका कोन चालत नाही, सगळं छतच दिसतं. मी पंधरा अंशांवर आणला, रेट्सही बरेच कमी केले, म्हणजे स्टिक थोडी हलली तर ड्रोन थोडाच वळेल.

---

न्यूजर्सीकर

आमच्या मंडळात दरवर्षी पेणचीच मूर्ती येते, जहाजाने, कित्येक महिने आधी निघालेली. खोका उघडतो तेव्हा भाताच्या तुसासारखा वास येतो, तो ज्या कारखान्यातून येतो तो आज बघितला असं वाटतंय. त्यामुळे हा धागा दोनदा वाचला.

इथल्या लोकांसाठी माहिती: अमेरिकेत एफएएचे (तिथल्या हवाई वाहतूक नियामकाचे) नियम मोकळ्या आकाशातल्या उड्डाणाला लागू होतात, इमारतीच्या आत नाही. बाहेर पडलात आणि गॉगल लावलात की शेजारी नजर ठेवणारा दुसरा माणूस हवा.

या प्रकारच्या कामाकडे जगाचं लक्ष गेलं ते मार्च २०२१ मध्ये, मिनीआपोलिसच्या ब्रायंट लेक बोल या बोलिंगच्या जुन्या जागेतल्या व्हिडिओमुळे. जे क्रिस्टन्सन या पायलटने तो सुमारे दीड मिनिटाचा शॉट एका दमात उडवला. रस्त्यावरून आत, लोकांच्या मधून, लेनवरून थेट पिना उचलणाऱ्या यंत्राच्या मागे. त्यातलं बोलणं आणि आवाज नंतर घातले आहेत, कारण ड्रोनच्या किंचाळीत काहीच ऐकू येत नाही. तुम्ही आवाजाचं काय केलंत?

---

खारेपाटी

शॉट झाल्यावर तासभर फक्त आवाज घेतला. सगळ्यांना सांगितलं, काम तसंच चालू द्या, मी फक्त ऐकतोय. माती आपटण्याचा आवाज, साचा उघडताना होणारा चिकट आवाज, सँडपेपरची खसखस, एअरब्रशच्या कॉम्प्रेसरची घरघर. आणि कोपऱ्यातला रेडिओ. रेडिओवरचं गाणं हक्काच्या भानगडीमुळे वापरता येणार नाही, म्हणून तेवढा बंद ठेवायला सांगितला. बाकी सगळं त्या त्या जागी बसवलं.

---

ओटी_पदर

मी स्पष्ट विचारते, राग मानू नका. ज्या बायका तिथे दिवसभर मान खाली घालून काम करतात, त्यांच्या डोक्याजवळून हे फिरणारं यंत्र नेणं मला पटत नाही. केस अडकले तर? बोट गेलं तर? आणि देवाच्या मूर्तीवरून उडवणं बरं दिसतं का?

---

खारेपाटी

राग कशाला, हा प्रश्न आधी मलाच पडायला हवा होता आणि पडला तो थोडा उशिरा.

डक्टमुळे प्रॉप बाजूने लागत नाही, पण वरून-खालून बोट जाऊ शकतं, आणि गेलं तर खोल कापतं. म्हणून सगळ्यांनी केस बांधले, ओढण्या-पदर खोचले, आणि ज्यांच्याजवळून ड्रोन जाणार होता त्यांना आधी चालू ड्रोनचा आवाज आणि वारा दाखवला. घाबरून हात वर जाऊ नये म्हणून. एका ताईंना चित्रात यायचं नव्हतं. त्यांची बसायची जागा न हलवता आम्ही मार्ग हलवला, कारण ती जागा त्यांची आहे, वीस वर्षांपासून. बॅटऱ्या शेडच्या बाहेर, रंग आणि थिनरपासून लांब, विटांच्या कप्प्यात चार्ज केल्या.

मूर्तीवरून उडवण्याबद्दल काकांनाच विचारलं होतं. ते म्हणाले, प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत ही आमची कारागिरी आहे, पण आखणी झालेल्या मूर्तीच्या डोक्यावरून नको, तिला नजर आलेली असते. ते मी पाळलं. म्हणूनच वाट बोळातून, मूर्तींच्या खांद्याच्या उंचीवरून नेली.

---

ओटी_पदर

एवढं केलंत तर माझी हरकत नाही. त्या ताईंची जागा हलवली नाहीत, हे वाचून बरं वाटलं.

---

सोल्डरगन

एक राहिलं. बॅटरी? दोन मिनिटं दहा सेकंदांचा शॉट आणि २४३ ग्रॅमचा ड्रोन, म्हणजे शेवटच्या टप्प्यावर व्होल्टेज पडत असणार. ओ३ गरम पण होतो.

---

खारेपाटी

फोरएस ६५०, म्हणजे चार सेलची ६५० एमएएच बॅटरी वापरली. पूर्ण भरलेली १६.८ व्होल्ट. सेलला ३.५ म्हणजे १४ व्होल्ट दिसले की काहीही असो, उतरायचं. हळू उडवताना साडेतीन मिनिटं मिळतात, म्हणून प्रत्येक फेरीला नवी बॅटरी. अर्ध्यावर चुकलं तरी तीच बॅटरी पुन्हा लावली नाही. ओ३ जमिनीवर नुसता चालू ठेवला की तापतो, त्याला वारा लागतो. ताई रंग घेऊन तयार होईपर्यंत माझा भाचा पुठ्ठ्याने ड्रोनला वारा घालत बसायचा.

---

तिसरा_अंक

आणि शेवट? कुंचल्यापाशी थांबायचं म्हणालात. ज्या वाऱ्याने ताडपत्री ओढली जाते, त्या वाऱ्यात आखणीचा हात कसा स्थिर राहिला?

---

खारेपाटी

नाही राहिला. पहिल्या चार फेऱ्यांत मी दीड मीटरवर थांबलो, तरी ताईंच्या कपाळावरची बट उडत होती आणि कुंचल्याचं टोक हलत होतं. त्या कुंचल्याला चार-पाच केस असतात, फक्त. बुबुळाची काळी रेघ त्यानेच ओढायची, आणि ती एकाच श्वासात. मी त्यांना म्हटलं, खोटी खोटी ओढा, सुक्या कुंचल्याने. त्या म्हणाल्या, सुक्या कुंचल्याने हात वेगळा चालतो, बघणाऱ्याला कळतं.

मग शेवटचे दोन मीटर उडवायचेच नाहीत असं ठरलं. भाचा जाड हातमोजा घालून बोळाच्या तोंडाशी, चित्राच्या चौकटीच्या खाली बसला. ड्रोन त्याच्या तळहातावर आणून अलगद टेकवायचा, मी "सोडला" म्हणत मोटर बंद करायच्या, आणि त्याने हाताने तोच वेग, तीच उंची धरून पुढे चालत जायचं. रेकॉर्डिंग चालूच. साठ-सत्तर वेळा बाहेर अंगणात तालीम केली. टेकताना बसणारा धक्का जायरोफ्लोने जवळजवळ काढला. उरला तो पाऊल टाकल्यासारखा वाटतो, म्हणून ठेवला.

अकराव्या फेरीला मोटर बंद झाल्या आणि शेडमध्ये एकदम शांत झालं. भाचा गुडघ्यांवर सरकत पुढे गेला. ताईंनी वर बघितलंही नाही. डाव्या डोळ्याची वरची रेघ नाकाकडून कानाकडे ओढली, कुंचला उचलला, पुन्हा टेकवला, आणि मध्ये पांढरा ठिपका दिला. मी गॉगलमध्ये तो ठिपका बघत होतो. रेकॉर्डिंग थांबवायचं बटण दाबायला मला बराच वेळ लागला.